पांघरुणांतील प्रार्थना

देवापुढें माणसानें कसें जावें, याविषयीं बहुतेक धर्मांनीं पुष्कळ सांगून ठेविलें आहे. कोठें पादत्राणें काढावयाचीं, कोठें टोपी काढावयाची, तर कोठें ती मुद्दाम घालावयाची. कोठें सोवळें नेसून जावयाचें, कोठें उघड्या अंगानें. परंतु या सर्व नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही, कीं माणूस उठून, हातपाय धुऊन, कांहीं तयारी करून देवाकडे जाणार आहे. जो कोठेंच जाणार नाहीं, ज्यानें दिवसाचे कपडे उतरून ठेविले आहेत, दिवा मालविला आहे, ज्याचें अंग अंथरुणावर टेकलें आहे व डोळे मिटूं लागले आहेत, अशा मनुष्यानें देवाचें नांव घेतांना अंगावर काय असावें व डोक्यावर काय असावें, असा प्रश्न कोणी काढला तर आमचा सुशिक्षित वाचक बहुधा हंसेल. यहुदी धर्मशास्त्रानें मात्र तो सुमारे दोन हजार वर्षें मोठ्या गांभीर्यानें चर्चिला आहे. त्या चर्चेंत आम्हांस जें सांपडलें तें केवळ कपड्यालत्त्यांपुरतें नाहीं, असें वाटल्यावरून चार शब्द लिहीत आहों.

या विषयाकडे आम्ही ग्रंथांतून वळलों नाहीं, शेजारांतून वळलों. आम्ही ठाण्यास राहावयास आलों तेव्हां आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्राएल कुटुंब राहत होतें. गृहस्थ टपालखात्यांतून निवृत्त झालेले, आमच्याहून पंधरा-सोळा वर्षांनीं वडील. आम्ही त्यांस काका व त्यांच्या पत्नीस काकू म्हणत असूं. बेने इस्राएल लोकांची ओळख महाराष्ट्रीय वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या व त्यांच्यापासून आपण झालों, अशी त्यांची परंपरा आहे. कोंकणांत त्यांनीं तेलाच्या घाण्याचा धंदा धरिला, शनिवारीं घाणा बंद ठेविला, आणि म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. ग्रंथ गेले, भाषा गेली, सणांचीं नांवेंसुद्धां मराठी झालीं. पण एक गोष्ट त्यांच्या तोंडांत टिकून राहिली, ती म्हणजे 'शेमा'चें वचन. जन्म असो, सुंता असो, लग्न असो वा मयत असो, जें एकच हिब्रू वाक्य ठाऊक होतें तें ते म्हणत. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झालेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासांत ही परंपरा नमूद आहे. मुंबईस मांडवीवर त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं उभें राहिलें. तोंपर्यंत शेंकडों वर्षें ज्या धर्माला ना मंदिर ना पोथी, तो धर्म रात्रीं अंथरुणावर पडतांना पुटपुटल्या जाणाऱ्या दोन ओळींवर जगला असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

'शेमा' म्हणजे 'ऐक'. परमेश्वर एक आहे व त्याजवर सर्व मनानें, सर्व जिवानें प्रेम करावें, असें इस्राएलास सांगणारा हा भाग बायबलाच्या जुन्या करारांतील अनुवाद नांवाच्या पुस्तकांत आहे. हीं वचनें निजतांना व उठतांना बोलत जा, अशी तेथेंच आज्ञा असल्यामुळें तीं रोज सायंकाळीं व सकाळीं म्हणणें हें प्रत्येक यहुद्याचें कर्तव्य ठरलें. यहुद्यांचा मिश्ना हा स्मृतिग्रंथ सुरू होतो तोच मुळीं सायंकाळचा शेमा केव्हांपासून म्हणावा या प्रश्नानें. पण 'निजतांना' याचा अर्थ काय? निजण्याच्या वेळीं, कीं प्रत्यक्ष आडवें होऊन? शम्मायच्या संप्रदायानें अक्षर धरिलें: संध्याकाळीं प्रत्येकानें आडवें होऊनच म्हणावा. हिल्लेलच्या संप्रदायानें सांगितलें, कीं ज्याला जसें सोयीचें असेल तसें म्हणावें. तार्फोन नांवाचे एक मोठे रब्बी वाटेनें जात असतां शम्मायच्या मताप्रमाणें शेमासाठीं रस्त्यांतच आडवे झाले व चोरांच्या तावडींत सांपडतां सांपडतां वांचले. इतर पंडितांनीं त्यांचें सांत्वन करावयाचें सोडून, हिल्लेलचें मत सोडल्याबद्दल तुमच्यावर हें येणेंच योग्य होतें, असें त्यांस ऐकविलें! शास्त्रीपंडितांचा स्वभाव सर्व देशांत सारखाच, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

सायंकाळचा शेमा सभास्थानांत म्हणून झाला तरी निजतांना तो पुन्हां अंथरुणावर म्हणावा, असें रब्बी यहोशुआ बेन लेवी यांनीं सांगितलें. रात्रंदिवस अध्ययन करणाऱ्या विद्वानास यांतून सूट असावी असें एक मत पडलें. त्यावर अबाये या पंडितानें म्हटलें, कीं विद्वानानेंही निदान दयेची याचना करणारें एखादें वचन म्हणावें, व उदाहरणादाखल स्तोत्रसंहितेंतील आपला आत्मा देवाच्या हातीं सोंपविणाऱ्या वचनाकडे बोट दाखविलें. शेमाच्या जोडीला झोंप आणणाऱ्या परमेश्वराचा एक आशीर्वादही म्हणावयाचा असतो. अंथरुणावरील शेमा म्हणणारा जणूं दुधारी तरवार हातीं घेऊन निजतो, भूतेंखेतें त्याच्या वाऱ्यास उभीं राहत नाहींत, असेंही तल्मुदांत एके ठिकाणीं आलें आहे. तिन्हीसांजेस मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेणाऱ्या आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटूं नये. सोळाव्या शतकांत क्राकाव येथील मोशे इस्सरलिस यांनीं आणखी असें सांगून ठेविलें, कीं ही प्रार्थना झाल्यावर खाऊं पिऊं नये, बोलूं नये, सरळ निजावें. आणि झोंप आलीच नाहीं तर ती येईपर्यंत शेमा पुन्हां पुन्हां म्हणत राहावें. निद्रानाशावर वैद्यांनीं सुचविलेले पुष्कळ उपाय आम्हीं करून पाहिले आहेत. त्या मानानें हा उपाय निरुपद्रवी आहे, एवढें आम्ही निश्चित सांगूं शकतों.

आतां कपड्यांचा प्रश्न. तो उपस्थित कां झाला, हें कळण्यासाठीं त्या काळचें अंथरूण डोळ्यांसमोर आणिलें पाहिजे. पायजमा, सदरा, गाद्या, उशा, चादरी हा सर्व सरंजाम अलीकडचा. प्राचीन काळचा गरीब मनुष्य दिवसा जो झगा अंगाभोंवतीं गुंडाळी, तोच रात्रीं पांघरी, आणि त्याच्या आंत तो बहुधा उघडाच असे. निर्गमाच्या पुस्तकांत सावकारास ताकीद आहे, कीं गरिबाचें पांघरूण गहाण घेतलेंस तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत कर. कारण त्याच्या अंगाला तेवढेंच वस्त्र आहे, दुसरें तो काय घेऊन निजेल? हा कायदा वाचतांना आम्हांस देशावरील धनगराची घोंगडी आठवली. तीच पावसांत खोळ, तीच उन्हांत सावली, तीच रात्रीं अंथरूण आणि पांघरूण. असा मनुष्य आपल्या एकुलत्या वस्त्रांत उघडा निजला असतां शेमा म्हणूं लागला तर त्याचें म्हणणें चालावें कीं चालूं नये?

चालूं नये, असें म्हणून मोकळें होणें शास्त्रकारांस सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. तल्मुदांत एका मनुष्याचा दाखला आहे: तो आपल्या झग्यांत गुरफटून निजला आहे, थंडी इतकी कीं डोकें बाहेर काढवत नाहीं. त्यानें काय करावें? उठून वस्त्रें नेसावीं असें त्यास कोणी सांगत नाहीं. त्यानें पांघरुणाचा कांठ मानेशीं दाबून घ्यावा व शेमा म्हणावा. दुसऱ्या मतें मानेशीं नव्हे, छातीशीं. कारण? तर पांघरुणाखालीं मनुष्याचें हृदय व त्याचें गुह्यांग यांमध्यें आडोसा नसेल तर 'हृदय तें पाहतें', आणि अशा स्थितींत पवित्र वचन उच्चारूं नये. मध्यें कापड आलें, मग तें दाबून धरलेलें पांघरूण कां असेना, कीं हरकत संपली. योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरूख' हा धर्मसंहितेचा ग्रंथ १५६५ सालीं व्हेनिस येथें छापून निघाला. त्यांतही हा नियम असाच आहे: उघडा निजलेल्यानें पांघरूण हृदयाच्या खालीं लावून घ्यावें. आज पायजमा घालून निजणाऱ्यास हा प्रश्न उरत नाहीं. कंबरेशीं बसलेलें वस्त्रच तो आडोसा होतें. आमच्या पायजम्याच्या नाडीस एवढा धार्मिक अधिकार असेल हें आमच्या कधीं स्वप्नींही आलें नव्हतें.

हृदय पाहतें, ही कल्पना आम्हांस फार विलक्षण वाटते. दुसरा कोणी पाहत नाहीं. अंधार आहे, पांघरूण आहे. देव पाहतो म्हणावें तर त्यापासून पांघरूण काय लपविणार? लाजावयाचें आहे तें आपल्याच हृदयापुढें, आणि तेंही संकोचून गप्प बसण्यासाठीं नव्हे, तर बोलतां यावें म्हणून. हाच प्रकार पाण्यांतील मनुष्याचा. पहांटे स्नानास उतरलेल्याची शेमाची वेळ टळूं लागली व बाहेर येऊन अंग झांकण्यास अवकाश नसला, तर त्यानें पाण्यानेंच अंग झांकून शेमा म्हणावा, असें मिश्ना सांगते. पाणी नितळ असेल तर? तर पायांनीं तळ ढवळून तें गढूळ करावें! एकाच अंथरुणांत दोघे उघडे निजले असतील तर एकानें इकडे तोंड करून म्हणावा व दुसऱ्यानें तिकडे. ज्या पंडितांनीं इतक्या बारकाईनें वाटा काढल्या, त्यांस प्रार्थना अडवावयाची नव्हती, ती कोणाचीही चुकूं द्यावयाची नव्हती, असें आमचें मत झालें आहे. बारकावे पाहून हंसणाऱ्यांच्या लक्षांत ही गोष्ट सहसा येत नाहीं, कीं बारकाईनें नियम करणारा जेथें एक दार लावतो तेथें बहुधा एक खिडकीही ठेवतो.

याला दुसरी एक बाजू आहे. ज्याच्या कंबरेस वस्त्र गुंडाळलेलें आहे पण छाती उघडी आहे, त्यानें शेमा म्हणावयास हरकत नाहीं. परंतु उभें राहून करावयाची जी मुख्य प्रार्थना, ती मात्र छाती झांकल्याशिवाय करूं नये. एकाच मुखांतून, एकाच देवाकडे जाणाऱ्या शब्दांत हा भेद कां? प्रार्थना करणारा राजासमोर उभा आहे, त्यानें दरबारी पोषाखांतच असलें पाहिजे. शेमा म्हणणारा कोणासमोर उभा नाहीं. तो स्वतःस सांगतो आहे, 'ऐक' म्हणून. दरबारांत जातांना जो पोषाख लागतो तो स्वतःशीं बोलतांना लागत नाहीं, तरीही अगदीं कांहींच लागत नाहीं असें नाहीं. कंबरेपुरतें तरी हवें. शास्त्रानें येथें जी रेघ ओढली आहे ती आम्हांस मोठी मार्मिक वाटते.

अर्थात् सर्वच पंडित इतके सवलतीचे नव्हते. रब्बी योसे यांस अभिमान होता, कीं आपल्या सदऱ्याच्या आंतली शिवण आपल्या घराच्या तुळयांनींही कधीं पाहिली नाहीं. 'शुल्हान आरूखां'त उठतांना सदरा कसा घालावा हेंही सांगितलें आहे: बसून नव्हे, निजल्या निजल्याच त्यांत डोकें व हात घालावे, म्हणजे उठून बसेपर्यंत अंग झांकलेलें असेल. मी आंतल्या खोलींत आहें, मला कोण पाहतो, असें म्हणूं नये. कारण ज्याच्या तेजानें जग भरलें आहे त्याला आंतली खोली ती काय? आम्हीं एका थंडीच्या सकाळीं हा प्रयोग करून पाहिला. सदरा उलटा आला. परंतु त्यास शास्त्र जबाबदार नाहीं.

डोक्याची कथा याहून निराळी आहे. अंग झांकण्याविषयीं तल्मुदांत स्पष्ट कायदा आहे. पुरुषानें डोकें झांकण्याविषयीं आहेत त्या बहुतेक गोष्टी. रव हूना नांवाचे एक पंडित बोडक्या डोक्यानें चार हातही चालत नसत, कारण ईश्वराचें सान्निध्य आपल्या मस्तकावर आहे असें ते म्हणत. दुसरी गोष्ट नहमान बार यित्सहाक यांची. त्यांच्या आईस ज्योतिषांनीं सांगितलें होतें, कीं तुझा मुलगा चोर निघेल. तिनें त्याला लहानपणापासून कधीं उघड्या डोक्यानें राहूं दिलें नाहीं. देवाचें भय डोक्यावर राहूं दे, म्हणून सांगितलें. तो मोठा होऊन विद्वान झाला. एके दिवशीं खजुरीच्या झाडाखालीं अध्ययन करीत बसला असतां डोक्यावरील वस्त्र सरकून खालीं पडलें. त्यानें मान वर करून पाहिलें, आणि मोह अनावर होऊन तो झाडावर चढला व दांतांनीं खजुराचा घड तोडून खाली आला. ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. विद्या जागच्या जागीं होती, वय झालेलें होतें; खालीं पडलें तें फक्त आईनें डोक्यावर घातलेलें एक फडकें.

या गोष्टींवरून पुढें रूढि वाढली, व रूढीचा कायदा होत गेला. देवाचें नांव बोडक्या डोक्यानें मुखांतून काढूं नये असें कांहींचें मत आहे, अशा सावध भाषेंत कारो यांनीं ती नोंदविली. त्यांचेच समकालीन, पोलंडमधील श्लोमो लुरिया यांस कोणीं विचारलें, कीं ज्याचें डोकें दुखतें त्यानें उघड्या डोक्यानें जेवावें काय? त्यांनीं स्पष्ट लिहिलें, कीं कायद्यानें पाहतां आशीर्वाद म्हणतांनाही डोकें झांकलेंच पाहिजे असें बंधन मला कोठें सांपडत नाहीं. परंतु लोकांनीं हें बंधन मानलें आहे, तेव्हां त्यांच्यासमोर तें मोडणें बरें नव्हे. अठराव्या शतकांतील विल्नाचे गाओन एलिया यांचेंही मत असेंच होतें, कीं हा शिष्टाचाराचा भाग आहे. याच्या उलट सतराव्या शतकांतील डेव्हिड हालेवी यांनीं सांगितलें, कीं आतां भोंवतालचे ख्रिस्ती लोक बसल्याबरोबर डोक्यावरील टोपी काढतात. म्हणून आपण तसें करणें हें त्यांचें अनुकरण होईल, व तें निषिद्ध होय. म्हणजे तीच टोपी एका शतकांत सभ्यता होती, दुसऱ्यांत स्वधर्माची खूण झाली. आमच्याकडेही बोडक्या डोक्यानें घराबाहेर पडणें हें आजोबांच्या पिढीस सुतकाचें लक्षण वाटे, आणि आज टोपी घालून कचेरींत जाणारा मनुष्य लोक वळून पाहतात. लोकांचें डोकें तेंच राहतें, त्यावरील मत बदलतें.

अंथरुणांत हा नियम सांभाळणें जिकिरीचें आहे. उभ्या माणसाच्या डोक्यावर टोपी राहते. निजलेल्याच्या डोक्यावरून ती उशीवर येते. काकांची रीत अशी होती, कीं ते अंथरुणावर बसत, टोपी चापून बसवीत, शेमा म्हणत, मग कुशीवर होत. उताणें निजणाऱ्यास यहोशुआ बेन लेवी यांनीं शाप दिला आहे हें त्यांस ठाऊक होतें कीं नाहीं हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. झोंपेंत टोपी कोठें जाई याची त्यांस फिकीर नव्हती; झोंपेंत कोणी देवाचें नांव घेत नाहीं. मात्र रात्रीं तहान लागून जाग आली तर पाण्यापूर्वीं आशीर्वाद म्हणावा लागतो, आणि तेव्हां अंधारांत टोपीसाठीं उशीखालीं चांचपडण्याचा आवाज पातळ भिंतींतून आम्हांस ऐकूं येत असे.

कांहीं वर्षांपूर्वीं काकांस अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ थोडी जड झाली, शुद्धि मात्र पुरती होती. इस्पितळांत रात्रीं त्यांच्याजवळ बसण्याची पाळी एक दिवस त्यांच्या मुलाकडे व एक दिवस आमच्याकडे असे. अशा एका रात्रीं औषधाची गुंगी चढूं लागली असतां त्यांनीं डाव्या हातानें उशीजवळ चांचपून पाहिलें. टोपी नव्हती, संध्याकाळीं बदललेल्या चादरींबरोबर ती गेली असावी. आम्ही रुमाल काढावयास उठणार, तों त्यांनीं आमचें मनगट धरिलें व आमचा हात आपल्या डोक्याकडे नेला. त्यांचे डोळे मिटत होते, त्यांस थांबणें शक्य नव्हतें.

आम्ही क्षणभर कचरलों. आमच्या रीतीप्रमाणें डोक्यावर हात ठेवावयाचा तो वडिलांनीं, धाकट्यांच्या. पित्याच्या वयाच्या माणसाच्या उघड्या मस्तकावर आपण हात ठेवावा, ही गोष्ट आमच्या हातालाच कळेना. पण हात ठेविला. केस विरळ झालेले, कपाळ गरम. ते अडखळत म्हणूं लागले. कोंकणी हेल असलेलें हिब्रू, ज्यांतला पहिल्या ओळीखेरीज एक शब्द आम्हांस समजत नव्हता. तीन-चार मिनिटांनीं ओंठ थांबले. आतां हात काढावा कीं ठेवावा? विचारण्याची सोय नव्हती, कारण ती प्रार्थना झाल्यावर ते बोलणार नाहींत हें आम्हांस ठाऊक होतें. श्वास सारखा लागेपर्यंत आम्हीं हात तसाच ठेविला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं विचारलें, "काका, तुमचा डावा हात चांगला चालतो. तोच कां नाहीं ठेवलात डोक्यावर?" ते म्हणाले, "आपला हात चालत नाहीं रे. आपलंच डोकं, आपलाच हात. दुसऱ्याचा लागतो."

पुढें आम्हीं तें पुस्तकांतून शोधून काढलें. 'शुल्हान आरूखां'त खरोखरच तसें आहे. गवताची विणलेली टोपी चालते. स्वतःचा हात डोक्यावर ठेवणें हें झांकणें होत नाहीं, कारण हात व डोकें हें एकच शरीर, आणि शरीर स्वतःस झांकूं शकत नाहीं. परंतु दुसऱ्यानें त्याच्या डोक्यावर हात ठेविला तर तें झांकणें समजावें. तो दुसरा कोण असावा, याविषयीं त्या ओळींत कांहीं म्हटलेलें नाहीं. पुढच्या ग्रंथकारांनीं एकट्या माणसाचीही सोय केली आहे: त्यानें सदऱ्याची बाही हातावर ओढून मग तो हात डोक्यावर ठेवावा, म्हणजे कापड मध्यें आलें. काका जवळजवळ दोन वर्षें आणखी जगले. टोपी पुढें त्यांच्या उशीस पिनेनें टांचून ठेवीत असत.

स्त्रियांविषयीं न लिहितां हा विषय सोडतां येत नाहीं, कारण तेथें प्रश्न सर्वस्वीं वेगळा आहे. पुरुषाची टोपी ही रूढि. विवाहित स्त्रीनें लोकांत केस झांकावे हें मात्र तल्मुदाच्या मतें धर्मनियमच आहे. शिवाय पुरुषानें शेमा म्हणतांना समोर स्त्रीचे उघडे केस असूं नयेत, असें रव शेशेत यांच्या एका वाक्यावरून ठरलें, आणि अशा रीतीनें तिचे केस त्याच्या प्रार्थनेचा प्रश्न बनले. हें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं, हें येथें सांगून टाकतों. ज्याला आपलें हृदय आंवरण्यासाठीं पांघरुणाचा कांठ पुरतो, त्यानें समोरच्या बाईच्या पदराची चौकशी कां करावी? पण शास्त्रास या बाबतींतही आपल्याच अतिरेकाची थट्टा करतां येते. किम्हीत नांवाच्या एका स्त्रीचे सातही मुलगे महायाजक झाले. हें भाग्य तुला कशानें लाभलें, असें पंडितांनीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, कीं माझ्या घराच्या तुळयांनीं माझ्या वेण्या कधीं पाहिल्या नाहींत. पंडितांनीं तिला उत्तर दिलें तें असें, कीं पुष्कळजणींनीं असें केलें, पण त्यांस त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं! गेल्या शतकाच्या आरंभीं वारलेले रब्बी यहिएल मिखेल एप्स्टाइन यांच्या काळांत विवाहित स्त्रिया उघड्या केसांनीं वावरूं लागल्या होत्या. त्यांनीं त्याबद्दल पुष्कळ हळहळ केली. आणि मग निर्णय दिला, कीं आतां हें सर्वत्र नित्याचेंच झालें असल्यामुळें पुरुषांनीं त्यांच्यासमोर प्रार्थना म्हणावयास हरकत नाहीं. हळहळ एका ओळींत व परवानगी पुढच्या ओळींत: दारामागें खिडकी.

काकूंस यांपैकीं कांहीं ठाऊक नाहीं. बेने इस्राएलांपैकीं बहुतेक आतां इस्राएलांत आहेत, त्यांचा मुलगाही तिकडे गेला; त्या मात्र ठाण्यासच राहिल्या. १८७९ सालीं बांधलेल्या तेथील सभास्थानांत सणावारीं जातात. अंथरुणावर पडल्यावर पदर डोक्यावर ओढून घेतात व शेमा म्हणतात. हें कोणीं सांगितलें, असें एकदां विचारतां, सासूनें, म्हणाल्या. सासू रेवदंड्याकडची, तिला वाचतां येत नव्हतें. उन्हाळ्यांत साडी नेसून निजणें नको होतें, तेव्हां गाऊन घालतात. मग पदराऐवजीं काकांचा एक जुना पंचा उशाशीं ठेवलेला असतो. अलीकडे त्यांस झोंप फार उशिरां लागते. भिंत अजून पातळच आहे. एकदां म्हणून झालें, दोनदां झालें, कीं त्या तिसऱ्यांदां सुरुवात करतात. तिसऱ्याच्या मध्यावर बहुधा आवाज थांबतो.